भुंगा सरांचं चार्जिंग

लग्नाच्या मंडपात शिरलेला माणूस आधी यजमान शोधतो, ओळखीचे चेहरे शोधतो, उन्हाळा असला तर निदान कूलर तरी शोधतो. आमचे भुंगा सर प्लग शोधायचे. हॉटेल असो, दवाखाना असो, कोणाच्या घरची तेरवी असो, उंबरा ओलांडला की त्यांची नजर भिंतीवरून फिरायची आणि प्लग दिसला की थबकायची. मग तिथंच खुर्ची ओढून बसायचे. एका लग्नात वरपक्षानं त्यांना मानानं नेऊन सोफ्यावर बसवलं. सर थोड्या वेळानं गुपचूप उठले आणि डीजेवाल्याच्या शेजारी वायरींच्या गुंत्यात जाऊन बसले. त्या दणदणाटात ते तासभर कसे टिकले देव जाणे, पण पंगतीला आले तेव्हा मोठ्या खुशीत होते आणि सगळ्यांशी भरपूर बोलले.

सरांचा आवाज विजेवर चालायचा. तरुणपणापासून त्यांना तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं वेड. शाळेच्या पायरीवर थुंकून आत यायचे आणि पोरांना आरोग्याचा धडा शिकवायचे, असं ते स्वतःच सांगत. पुढं गळ्यात गाठ आली, नागपूरला ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. त्यावर सर पांढरा मऊ रुमाल बांधायचे. बोलायचं असलं की टॉर्चएवढी एक मशीन जबड्याखाली टेकवायची, बटण दाबायचं आणि नेहमीसारखे ओठ हलवायचे. मशीन थरथरायची आणि त्या थरथरीचे शब्द व्हायचे. आवाज एकसुरी, घूं घूं करणारा, पण शब्द स्वच्छ. पहिल्यांदा ऐकणारा दचकायचाच. सर त्याला दचकू द्यायचे, मग म्हणायचे, "झालं घाबरून? आता काम सांगा."

भुंगा हे नाव पोरांनी ठेवलेलं. पोरं ते सरांच्या पाठीमागं घ्यायची आणि सरांना ते माहीत होतं. एकदा मधल्या सुट्टीत एक पोरगा गळ्याला पेन लावून त्यांची नक्कल करत होता, बाकीची पोरं लोळत होती, आणि सर मागं येऊन उभे राहिले. सरांनी त्याच्या हातातलं पेन थोडं वर सरकवलं. "गळ्याले नाही लावाचं, जबड्याखाली लाव. अन् तोंड पुरं उघड. करतो तं नीट कर." त्या दिवसानंतर नक्कल सुधारली, टिंगल मात्र बंद झाली.

सर आणि मी दोघंही अकोल्याचे, आणि आमची शाळा दर्यापूरच्या पुढं एका खेड्यात. अकोल्याहून एस.टी.नं दर्यापूर, तिथून काळीपिवळी जीप. कित्येक वर्षं हा प्रवास आम्ही बरोबर केला, त्यामुळे त्यांच्या चार्जिंगच्या लढाईची मी रोजची साक्षीदार. मशीन जुनी झाली होती आणि तिची बॅटरी दिवसभर टिकत नव्हती. त्यात ती नखरेल. फोनची पॉवरबँक तिला चालायची नाही, जीपमधल्या चार्जरला ती ओळख द्यायची नाही. तिला भिंतीतलाच करंट लागायचा आणि तोही तिच्या स्वतःच्या ठोकळ्यातून. सरांच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि त्याखाली लांब वायरीचा बोर्ड, पिना, टेप असा सगळा संसार. सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या म्हणायच्या, "डबा इसरला तं चालते याईले, बोर्ड इसरला तं अर्ध्या वाटेतून वापस येतेत."

वाटेवरचा एकेक प्लग त्यांनी हेरून ठेवला होता. दर्यापूरच्या स्टँडसमोरचं चहाचं हॉटेल, पलीकडचं सलून, शाळेच्या गावातली पिठाची गिरणी. मशीन लावली की सर तिथंच ठाण मांडायचे. सलूनवाल्यानं त्यांचा प्लग कधी अडवला नाही, त्याची एकच अट होती. मशीन भरली की सरांनी पेपर वाचून दाखवायचा. अर्ध्या दाढीला फेस लावलेली माणसं भुंग्याच्या आवाजात कापसाचे भाव आणि राजकारण ऐकायची. मी म्हणायची, "सर, आत्ताच भरलेलं सगळं इथंच खर्चून टाकता." सर म्हणायचे, "मॅडम, त्याच्या घरचा करंट आहे. थोडा त्याच्या कामी लागला तं काय झालं?"

एकदा आम्ही दोघं अमरावतीला प्रशिक्षणाला निघालो होतो. बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं. डब्यात चार्जिंगचा एकच पॉइंट चालू, आणि त्यावर एका तरुणाचा फोन. मूर्तिजापूर मागं पडलं तरी तो पठ्ठ्या फोनवर हसण्यात दंग. सरांची मशीन अखेरच्या घटका मोजत होती. मी त्या मुलाला सांगायला जाणार तोच सरांनी मला हातानं थांबवलं. आपली लढाई दुसऱ्याला लढू द्यायची नाही, हा त्यांचा हट्टच होता. उरलेलं चार्जिंग त्यांनी एका वाक्यासाठी वापरलं. मशीन टेकवून त्या मुलाला म्हणाले, "भौ, तुहा फोन बंद पडला तं फोन बंद पडते. हे बंद पडली तं मी बंद पडतो." मुलगा इतका हडबडला की फोनबरोबर स्वतःची जागाही देऊन मोकळा झाला. सर जागेवर बसले नाहीत. मुलाला परत बसवलं, स्वतः उभे राहिले आणि बडनेरा येईपर्यंत मशीनला दोन्ही हातांनी धरून होते.

चार्जिंग मोजकं असल्यामुळे बोलणं निवडक होतं. शिक्षकांच्या खोलीत दुपारी डबे उघडले की आमचा कार्यक्रम ठरलेला असायचा: कोणाची बदली कशी झाली, कोण कोणाला चिकटून आहे. सर मशीन खिशात घालून भाकरी कुस्करत बसायचे. कोणी फारच छेडलं तर म्हणायचे, "एवढ्या तंगड्या तोडून करंट आनतो मी. तो लोकाईच्या निंदेत काहून जाळू?" आम्ही ओशाळायचो, पण गप्पा थांबवायचो नाही. खरं सांगायचं तर सरांनाही त्या ऐकायला आवडायच्या. भाकरी कुस्करणारा हात ऐन मजकुराला थांबायचा, हे मी पाहिलेलं आहे.

घरी मशीनला सुट्टी. काकूंना ओठांवरून सगळं कळायचं, त्यामुळे नवराबायकोचा संवाद बिनआवाजी चालायचा. म्हणजे एका बाजूनं बिनआवाजी. काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. भांडण झालं की मात्र काकूंकडे हुकमाचा पत्ता होता. त्या सरळ पाठ करून भांडी घासायला बसत. सर त्यांच्या एका बाजूनं जात, दुसऱ्या बाजूनं जात, खाली वाकून तोंड दाखवायचा प्रयत्न करत, आणि काकू डोळे मिटून घेत. "अशी बाई पाहिली काय कुठं," सर मला सांगायचे, "माहं म्हननं आइकाचं नसलं तं डोये लावून घेते!"

वर्गातल्या पोरांचंही हळूहळू काकूंसारखंच झालं. शेवटच्या तासाला मशीन दम टाकायची. सर थांबायचे नाहीत. मशीन टेबलावर ठेवून ओठ नीट उघडून, सावकाश, पुढं शिकवत राहायचे. पोरांना त्यांच्याकडे बघावंच लागायचं. खिडकीबाहेर बकरी गेली तरी मान वळवायची सोय नाही, कारण मान वळली की वाक्य गेलं. असा एकटक वर्ग मी दुसरा पाहिला नाही. त्याचा एक तोटाही झाला. सर एकदा व्हरांड्यात उभं राहून मला मशीनशिवाय म्हणाले की हेडमास्तरांची नवी पँट त्यांना आखूड झाली आहे. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या गावात होती. सातवीच्या पोरींनी मैदानाच्या पलीकडून ती वाचली होती.

मग कोणीतरी तक्रार केली. कोणी केली ते कळलं नाही आणि सरांनी शोधूही दिलं नाही. पोरांना सरांचं बोलणं समजत नाही, असा तक्रारीचा सूर होता. सरांना वर्गातून काढून तालुक्याला कागदांच्या कामावर बसवावं, असं वर घाटू लागलं. सरांच्या निवृत्तीला फार काळ राहिला नव्हता. मलासुद्धा वाटलं, बरंच आहे की. तिथं पंखा आहे, टेबलापाशीच प्लग आहे, धूळ नाही. गळ्याच्या भोकातून सरळ आत जाणारी खडूची धूळ त्यांना किती छळते हे मी बघत होते. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा सर जीपमध्ये तोंड फिरवून बाहेर बघत बसले. शाळेचा फाटा आला तेव्हा मशीन टेकवली. "मॅडम, कागदावर शिक्के माराले आवाज लागत नाही. म्हनून तं मले तिथं पाठवून राहिले. मी मास्तर आहो. मास्तर म्हनूनच घरी जाईन." मशीनला राग कळत नाही, चढउतार माहीत नाही. तरी त्या वाक्यातला राग मला ऐकू आला.

शिक्षण खात्याचे साहेब येऊन प्रत्यक्ष तास बघतील आणि मग ठरवतील, असं कळलं. सरांनी खारपाणपट्ट्याचा धडा निवडला. आमच्या भागात पूर्णेच्या काठची जमीन सोन्यासारखी, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. पोरांच्या रोजच्या जिभेवरचा विषय. सरांनी जोरात तयारी केली. आणि आदल्या दिवशी दुपारी असं वादळ झालं की अकोल्यापासून दर्यापूरच्या पुढपर्यंत खांब आडवे झाले. आमच्याकडे वीज म्हणत नाहीत, लाईन म्हणतात. लाईन गेली ती गेलीच.

सकाळी स्टँडवर सर भेटले तेव्हा मशीनमध्ये जवळजवळ काही नव्हतं. सरांनी ओठांनीच सांगितलं, मला आता तेवढं वाचता यायला लागलं होतं. मी म्हटलं, "सर, हेडमास्तरांना फोन करते. तास पुढं ढकलतील." सरांनी नकारार्थी मान हलवली आणि ओठांनीच म्हणाले, "आज नाही म्हटलं तं उद्या मले कोनी इचारनार नाही. चला."

दर्यापूरला उतरलो. सलूनमध्ये अंधार. सलूनवाल्यानं हात जोडले. मग समोरचं चहाचं हॉटेल. तिथं इन्व्हर्टर होता आणि त्याच्या बोर्डावर सगळ्या स्टँडचे फोन लटकलेले, कारण कालपासून कोणाच्याच घरी लाईन नव्हती. सरांनी कोणाचा फोन काढला नाही. पिशवीतून आपला लांब बोर्ड काढला, एका फोनवाल्याला खुणेनं विचारलं, त्याच्या जागी बोर्ड लावला आणि त्या बोर्डावर त्याचा फोन आणि आपली मशीन दोन्ही लावली. मग मशीनसमोर हाताची घडी घालून उभे राहिले. चहावाल्यानं मशीन बघितली, सरांचा चेहरा बघितला आणि दुकानातला पंखा बंद केला. "इन्व्हर्टरबी थकत आला सर. पंखा नको, तुमाले तेवढंच जास्त भेटन."

बाहेर आमची जीप भरली. आमच्या जीपवाल्यानं एकदा भोंगा वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला, मग स्वतःच उतरून आत आला. काय चाललं आहे ते बघितलं आणि काही न बोलता परत गेला. जीपमधल्या लोकांची कुरकुर सुरू झाली. कोणाला शेतात जायचं होतं, एका म्हातारीला लेकीकडे. "एका मानसासाठी सगळ्यानं खोळंबाचं काय?" असं कोणीतरी ओरडलं. त्यावर जीपवाला म्हणाला, "सरचा आवाज भरून राहिला. भरला का निंगू." एवढंच. म्हातारीनं पदरातून शेंगा काढल्या आणि सोलत बसली. मी हॉटेलच्या दारात उभी होते आणि मला रडू येत होतं, ते मी उन्हावर ढकललं.

पुरतं चार्जिंग झालं नाहीच. इन्व्हर्टर मध्येच गेला. सरांनी मशीन काढली, चहावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये येऊन बसले.

साहेब आले, मागं खुर्ची टाकून बसले. शेजारी हेडमास्तर आणि मी. सरांनी मशीन टेकवून सुरुवात केली. पूर्णा कुठून येते, कुठं जाते, जमिनीत खार कसा साचला. साहेब कान देऊन ऐकत होते, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. धडा रंगात आला आणि मशीनचा सूर खाली बसू लागला. भुंगा दूर गेल्यासारखा झाला. सरांनी बटण पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं. मग काहीच नाही.

हेडमास्तर खाली बघू लागले. सरांनी मशीन टेबलावर ठेवली, हात झटकले, फळ्यावर विहीर काढली आणि वर्गाकडे तोंड करून ओठ हलवले.

"खारट, सर!" वर्ग ओरडला.

सरांनी पुन्हा ओठ हलवले. एक पोरगी उभी राहिली. "कारन पानी मुरत नाही सर, मंग खार वरच राह्यते." सरांनी मान डोलावली, पुढचं विचारलं. तीनचार हात वर. एका पोरानं चुकीचं उत्तर दिलं, सरांनी त्याला काहीतरी सुनावलं आणि सगळा वर्ग खदखदून हसला, तो पोरगाही हसला. खोलीत आवाज फक्त पोरांचा. साहेब आधी पोरांकडे बघत होते, मग फळ्याकडे, मग भिंतीवर कुठं काही लिहून ठेवलं आहे का ते बघू लागले. त्यांना वाटलं असावं, घोकून घेतलेलं आहे. ते उठून पुढं गेले आणि त्यांनी सरांना स्वतःच प्रश्न घातला. "मग इथल्या शेतकऱ्यानं काय करावं?"

सरांनी ओठांनी उत्तर दिलं. साहेब नुसते बघत राहिले. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर म्हनतात, पावसाचं पानी शेततळ्यात जमा करावं. गोडं राह्यते."

"तुला कसं कळलं?"

पोरगी गोंधळली. तिला प्रश्नच समजला नाही. "सर बोलले ना, साहेब," ती म्हणाली. "तुमाले आइकू नाही आलं काय?"

साहेब परत जागेवर जाऊन बसले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत. निघताना त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, रोज असंच चालतं का. हेडमास्तर घाईघाईनं म्हणाले, "नाही साहेब, रोज चार्जिंग असते." साहेब पहिल्यांदाच हसले. वर्ग सरांकडेच राहिला. सर मास्तर म्हणूनच निवृत्त झाले, अगदी शेवटचा तास घेऊन.

घरी बसणं त्यांना जमणार नव्हतंच. नागपूरच्या डॉक्टरांकडून ते नव्यानं असंच ऑपरेशन झालेल्यांचे पत्ते विचारून घ्यायचे आणि पिशवी उचलून निघायचे. कधी मूर्तिजापूर, कधी परतवाडा. ऑपरेशननंतर माणसं भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, सगळ्यांवर रुसतात, हे सरांनी स्वतः भोगलं होतं. ते जाऊन शेजारी बसायचे, स्वतःची मशीन पुसून त्या माणसाच्या जबड्याखाली टेकवायचे आणि बटण त्याच्याच बोटानं दाबायला लावायचे. "पह्यलं घरच्याचं नाव घे," असं सांगायचे. एकदोनदा मीही बरोबर गेले. ती पहिली नावं ऐकणं सोपं नव्हतं. परतीच्या एस.टी.त सर थकून डोळे मिटून बसायचे.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. दुखणं दुसऱ्या जागी परत आलं होतं आणि या वेळी त्यानं फार वेळ दिला नाही. शेवटी दवाखान्यात मशीन उशाशीच होती, पण हात उचलत नव्हता. ते ओठांनीच बोलत होते आणि काकू त्यांच्या तोंडावरून नजर काढत नव्हत्या. त्या एका भेटीत मला कळलं की मी या माणसाला भावापेक्षा जास्त मानत आले. तेराव्याला मी मशीनचं विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "ते दिली मी. त्याईनंच सांगतलं होतं कोनाले द्याची." नाव मी विचारलं नाही.

परवा शाळा सुटता सुटता माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. उचलला आणि मी व्हरांड्याचा खांब धरला. पलीकडून सरांचा आवाज आला. तोच घूं घूं करणारा, एकसुरी, शब्द जरा अडखळते.

"मॅडम, मी परतवाड्याहून बोलून राहिली. मी बांगड्या विकते बाजारात. मले सरची मशीन भेटली. सरनं तुमचा नंबर देल्ला होता, का चार्जिंगचं काही अडलं तं मॅडमले इचार म्हने. अमरावतीच्या स्टँडवर उतरली मी. इथं प्लग कुठं आहे?"

मी खांब सोडून फोन दोन्ही हातांनी धरला. ती बाई घाबरली. "आइकू येते ना मॅडम? माहा आवाज बरोबर येऊन राहिला ना?"

मी म्हटलं, येतो, अगदी स्वच्छ येतो. मग तिला सरांची नेहमीची जागा सांगितली, चौकशीच्या खिडकीच्या उजव्या अंगाला खांब आहे, त्याच्या मागं खाली बोर्ड आहे, पिन थोडी दाबून धरावी लागते. पुरं भरेपर्यंत हलू नका.

"नाही हालत," ती म्हणाली. "मले आज लय बोलाचं आहे."